एक डीपी जळते तेव्हा

वीज, पाणी, रस्ते, मोबाईल, दूध, बँक, बाजार ही आजच्या जगण्याची वेगवेगळी जाळी. प्रत्येकात रोज काही ना काही बिघडत असते आणि बहुतेक बिघाड जागच्या जागी मिटतात. एखादाच मिटत नाही. तो शेजाऱ्यावर भार टाकतो, शेजारी वाकला की भार पुढच्यावर जातो, आणि पाहता पाहता बिघाड एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात शिरतो. सुरुवात होते ती जागा क्षुल्लक असते; नुकसान मात्र जिल्ह्याचे, राज्याचे, कधी देशाचे होते. अशा साखळी बिघाडांचे स्वतंत्र शास्त्र गेल्या पंचवीसेक वर्षांत उभे राहिले आहे. त्यात भौतिकशास्त्रज्ञ आहेत, गणिती आहेत, वीज अभियंते आहेत. त्याचा पहिला धडा मात्र पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या आसपास विहिरीवर मोटार असलेल्या कोणालाही पाठ असतो.

तो धडा डीपीचा. सरकारी कागदावर तिला रोहित्र म्हणतात. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेपाच केव्हीए भार घेते, म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर अशा अठराएक मोटारी नीट चालाव्यात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून जास्त जोडलेल्या असतात, काही परवानगीने, काही आकडे टाकून. एका शिवारात तीन डीपी आहेत आणि प्रत्येकीवर ऐंशी टक्के भार आहे असे धरू. एक जळाली. उसाला आणि कांद्याला पाणी तर हवेच, म्हणून तिच्यावरचे शेतकरी केबल ओढून शेजारच्या दोन डीपींवर जातात. जळालेलीचा भार निम्मा-निम्मा वाटला गेला तरी उरलेल्या दोघींवर एकशेवीस टक्के होतो. आता त्यांपैकी एक जळायची वाट पाहायची, आणि दुसरी गेली की तिसरीचे आयुष्य तासांत मोजायचे. या तीन डीपींपैकी दोघी पूर्ण निर्दोष होत्या. त्या गेल्या त्या शेजारधर्मामुळे.

यात दोन गोष्टी आणखी भर घालतात. पहिली म्हणजे कमी दाबाची वीज. दाब कमी झाला की दिवा मंद होतो आणि वीज कमी खातो. मोटारीचे उलटे आहे. पाणी उपसायचे काम तेवढेच असल्याने ती जास्त प्रवाह ओढते, त्यामुळे तारेवरचा दाब आणखी उतरतो, मग शेजारची मोटारही जास्त ओढू लागते. दुसरी गोष्ट ऑटोस्विच. रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून तो बसवलेला असतो. मोटार सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. फीडर चालू झाल्याबरोबर दहा मोटारी एकाच वेळी उठल्या तर १०० केव्हीएच्या डीपीवर क्षणभर पावणेतीनशे केव्हीएचा धक्का बसतो. आलेली वीज लगेच पुन्हा जाते, ती बहुधा अशी. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे. शेतकरी ऐकत नाहीत, कारण शेजाऱ्याने स्विच ठेवला आणि आपण काढला तर पाणी शेजाऱ्याला मिळते. प्रत्येकाचे आपल्यापुरते वागणे शहाणपणाचे आहे आणि सगळ्यांचे मिळून डीपी जाळणारे आहे.

शास्त्राने याला फक्त नेमके रूप दिले. अ‍ॅडिलसन मॉटर आणि यिंग-चेंग लाय यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्रारूपात जाळ्याच्या प्रत्येक गाठीवर काही भार असतो आणि तो पेलण्याची एक मर्यादा असते. गाठ गेली की भार नाहीसा होत नाही, वाट बदलतो. ज्या गाठींची मर्यादा रोजच्या भाराला चिकटून आहे त्या पहिल्या झटक्यात जातात. म्हणून काटकसरीने बांधलेले जाळे रोज उत्तम चालते आणि वाईट दिवशी एकदम कोसळते. यात काही मोडावेच लागते असेही नाही. विजेच्या जाळ्यातली बहुतेक यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला होतात. प्रत्येक यंत्र वाचते, जाळे जाते.

देशाने हे ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी पाहिले. पश्चिम आणि उत्तर भारत जोडणाऱ्या बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही मार्गाची एक वाहिनी क्षमतावाढीच्या कामासाठी बंद होती. उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. उरलेल्या वाहिनीवर भार चढला, दाब उतरला आणि तिच्या संरक्षक रिलेने या जड भारालाच बिघाड समजून मार्ग तोडला. तारेला काहीही झाले नव्हते. काही सेकंदांत उत्तर भारताचे जाळे बंद पडले. ते सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तोच मार्ग पुन्हा तुटला आणि या वेळी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली. वीसहून अधिक राज्ये, साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती. सुमारे तीनशे रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली आणि पश्चिम बंगालमधल्या कोळसा खाणींत दोनेकशे कामगार पाळणे बंद पडल्याने काही तास जमिनीखाली अडकले. विजेला कोळसा लागतो हे सर्वांना माहीत असते. कोळशालाही वीज लागते हे त्या दिवशी कळले. महाराष्ट्र ज्या पश्चिम जाळ्यात आहे ते दोन्ही दिवस टिकले.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि सगळा देश एकाच ५० हर्ट्‌झच्या तालावर चालू लागला. मंचरजवळच्या विहिरीवरली मोटार आणि लुधियान्यातला यंत्रमाग आज एकाच ठेक्यावर फिरतात. याचा फायदा मोठा आहे: एका भागातला तुटवडा दुसरा भाग भरून काढतो. धोक्याचाही भागीदार प्रत्येक जण झाला आहे.

मुंबईने या व्यवहारावर एक जुना तोडगा काढून ठेवला होता. बाहेरचे जाळे डगमगले तर शहराने स्वतःला तोडून घ्यायचे आणि आपल्याच जनित्रांवर बेटासारखे चालायचे. ही ‘आयलंडिंग’ योजना १९८० च्या दशकापासून आहे आणि तिच्या बळावर मुंबईने इतरत्र अंधार असताना दिवे चालू ठेवल्याचा लौकिक मिळवला. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ते बेट बुडाले. कळवा, पडघा, खारघर या उपकेंद्रांमार्गे शहराला वीज आणणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार वाढत गेला आणि त्या एकामागून एक सुटल्या. सुमारे २२०० मेगावॅट पुरवठा गेला. शहर तुटून वेगळे झाले खरे, पण आतल्या जनित्रांची त्या क्षणाची निर्मिती आतल्या मागणीला पुरेशी नव्हती. बेट तोलले गेले नाही. लोकल थांबल्या, सिग्नल गेले, मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोरोनाचे दिवस असल्याने रुग्णालयांची धास्ती मोठी होती. घातपाताचीही चर्चा बरीच झाली. ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: बाहेरची वीज स्वस्त मिळते तेव्हा शहरातली जनित्रे कमी भाराने चालवली जातात, आणि विमा न भरल्यासारखी ती बचत एखाद्या सकाळी अंगावर येते.

इथपर्यंतची गोष्ट एकाच जाळ्यातली. खरी गुंतागुंत दोन जाळी एकमेकांवर अवलंबून असतात तिथे सुरू होते.

मंचर हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण गाव लहान आणि जाळी दाट. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावला, पण व्यापार मंचरला, पुणे–नाशिक महामार्गावर. डिंभे धरणातून घोड नदीत सोडलेले पाणी कोल्हापुरी बंधाऱ्यांत अडते आणि मोटारींनी शेतात चढते. कांद्याचा मोठा बाजार इथे भरतो, बटाट्याचे बियाणे पंजाबातून इथे उतरते, परिसरातले दूध गावोगावच्या संकलन केंद्रांवरून थंड टाक्यांत आणि तिथून प्रकल्पांत जाते. आता यातली वीज काही तास गेली असे धरावे. पाणी थांबते हे उघड आहे. दूध चार अंशांपर्यंत थंड करणारी बल्क कूलरची टाकी जनरेटरवर जाते. जनरेटरला डिझेल लागते. डिझेल पंपावरून मिळते आणि पंपालाही वीज लागते. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग त्यालाही डिझेल हवे. टॉवर गेला की पेट्रोल पंपावरचा क्यूआर कोड, रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, बाजार समितीतले हिशेब सगळेच अडते. आणि मुख्य म्हणजे वायरमनला फोन लागत नाही. कुठली तार तुटली, कुठला जंप उडाला हे त्याला गावकऱ्यांच्या फोनवरूनच कळते. वीज नाही म्हणून टॉवर नाही, टॉवर नाही म्हणून वीज नाही. असा फेरा एकदा पूर्ण झाला की बिघाड स्वतःला पोसू लागतो.

कोल्हापूर-सांगलीकरांनी ऑगस्ट २०१९ च्या पुरात हा फेरा दिवसेंदिवस सोसला. उपकेंद्रांत पाणी शिरले म्हणून आणि लोकांना शॉक बसू नये म्हणूनही वीज बंद ठेवावी लागली. पंचगंगेवरची उपसा केंद्रे बुडाली, आणि चहूकडे पाणी असलेल्या कोल्हापूर शहरात नळाला पाणी नव्हते. टँकर आणावे लागले. शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक काही दिवस बंद राहिली. त्यामुळे पेट्रोल-डिझेल संपत आले आणि उरलेले इंधन अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले. इंधन नाही म्हणजे जनरेटर नाही. दूध गावांत साचले, मुंबईला पोहोचले नाही. पुराचे पाणी जिथे कधी आलेच नाही अशा घरांतही पूर या वाटांनी शिरला.

परस्परावलंबी जाळ्यांचे गणित पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडले गेले ते २०१० मध्ये. सर्गेई बुल्दिरेव, श्लोमो हावलिन, यूजीन स्टॅनली आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांच्यासमोर इटलीतल्या अंधाराचे उदाहरण होते. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे तीनच्या सुमारास स्वित्झर्लंडमधली एक उच्चदाब वाहिनी झाडाच्या फार जवळ आल्याने सुटली. स्विस नियंत्रकांनी इटलीला फोन करून आयात ३०० मेगावॅटने कमी करायला सांगितले. ती कमी झालीही, पण पुरेशी नाही. पंचवीस मिनिटांनी दुसरी वाहिनी गेली, पाठोपाठ उरलेल्या, आणि इटली युरोपपासून तुटून दोन-अडीच मिनिटांत अंधारात गेला. सार्डिनिया बेट तेवढे वाचले. रोममध्ये त्या रात्री नेमका रात्रभर शहर जागे ठेवण्याचा उत्सव होता. या घटनेत वीजकेंद्रे गेल्याने त्यांच्यावर चालणारी संदेशयंत्रणा खिळखिळी झाली आणि संदेशयंत्रणेअभावी वीजजाळ्याचे नियंत्रण आणखी सुटले, असे संशोधकांनी मांडले.

त्यांचे उत्तर धक्कादायक होते. एकट्या जाळ्यात प्रत्येक गाठ सरासरी चार गाठींशी जोडलेली असेल, तर यदृच्छेने पाऊण गाठी काढून टाकल्या तरच जाळ्याचा कणा मोडतो. तशीच दोन जाळी घेऊन पहिल्यातली प्रत्येक गाठ आणि दुसऱ्यातली एकेक गाठ परस्परांवर अवलंबून ठेवली, तर एकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास गाठी गेल्या तरी दोन्ही जाळी जमीनदोस्त होतात. शिवाय मोडण्याची रीतही बदलते. एकटे जाळे हळूहळू झिजते, अंदाज येतो, सावरायला वाव असतो. जोडजाळे अडतीस टक्क्यांपर्यंत उभे दिसते आणि पुढच्या पावलाला होत्याचे नव्हते होते.

आणखी एक समजूत इथे उलटते. विमानतळ, इंटरनेट यांसारख्या जाळ्यांत थोड्या गाठींना असंख्य जोड असतात, बाकीच्यांना मोजके. अशी जाळी यदृच्छेने होणाऱ्या बिघाडाला चांगली तोंड देतात, हे बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले होते; बिघाड बहुधा किरकोळ गाठीवर पडतो आणि मोठ्या गाठी जाळे धरून ठेवतात. दोन जाळी एकमेकांवर टेकली की हाच गुण अवगुण होतो. एका जाळ्यातली मोठी गाठ दुसऱ्यातल्या अगदी किरकोळ गाठीवर अवलंबून असू शकते. चाळीस गावांचे उपकेंद्र एका आडरानातल्या टॉवरवर, तो टॉवर एका जुन्या बॅटरीवर.

प्रत्यक्षातली जाळी या गणिताइतकी कडक नसतात. प्रत्येक गाठ दुसरीवर पूर्णपणे टेकलेली नसते. कुठे जनरेटर असतो, कुठे हात असतात. त्याच वर्षी पार्शानी, बुल्दिरेव आणि हावलिन यांनी हाही हिशेब केला: अवलंबून असलेल्या गाठींचे प्रमाण एका मर्यादेखाली आणले की अचानक कोसळणे थांबते आणि पुन्हा ओळखीची हळूहळू झीज सुरू होते. सगळ्यांना स्वयंपूर्ण करायची गरज नाही, काहींना केले तरी पुरते. ब्रमिट, डिसूझा आणि लिश्ट यांनी २०१२ मध्ये दुसरी बाजू मांडली. जोड थोडे असले तर शेजारी एकमेकांचा भार वाटून घेतात आणि मोठे बिघाड कमी होतात. जोड वाढवतच गेले तर एका टप्प्यानंतर शेजाऱ्याचे संकट आयात होऊ लागते. जोड किती असावेत याचे एक माफक प्रमाण असते. ‘कनेक्टिव्हिटी’ हा शब्द नुसताच स्तुतीने वापरणाऱ्या योजनांत त्या प्रमाणाचा विचार क्वचित दिसतो.

या सगळ्या गणितातून वेळ मात्र सुटतो, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये ‘नॉर्मल अ‍ॅक्सिडेंट्स’ या पुस्तकात घट्ट आणि सैल जोडांचा भेद केला. घट्ट जोडात एकाचे थांबणे दुसऱ्याला तत्क्षणी लागते. सैल जोडात मध्ये सवड असते. मंचरच्या बाजारात हा भेद रोज मांडलेला असतो. रब्बीचा कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो; महामार्ग आठवडाभर बंद राहिला तर भाव हलतील, माल जाणार नाही. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो दोन-चार दिवस थांबतो. दुधाला काढल्यापासून थंड होईपर्यंत तीन-चार तास, बस्स. आणि विजेला सवडच नाही. ती बनते त्याच क्षणी खपावी लागते. एकच रस्ता बंद झाला तरी कांद्यात बिघाड थबकतो आणि दुधात त्याच संध्याकाळी गोठ्यापर्यंत पोहोचतो. बिघाड किती दूर जाईल हे तुटले काय यापेक्षा पुढच्याकडे सवड किती यावर ठरते.

पुणे जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी साखळी आपत्ती याच सवडीची आहे. पानशेत धरण बांधून पुरते झाले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात ते भरत गेले. मातीचा बांध खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून रात्रभर झुंज दिली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. सारे पाणी खालच्या खडकवासल्यावर आले. एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरण एवढ्या लोंढ्यासाठी बांधलेलेच नव्हते, तरी त्याने काही तास तग धरला आणि दुपारी तेही गेले. एकाच नदीखोऱ्यातली दोन धरणे एकापाठोपाठ एक असतात तेव्हा वरच्याचा दोष खालच्याच्या माथी येतो. खडकवासल्याने दिलेल्या त्या तासांनी आणि दिवसाउजेडाने पुष्कळ लोक वाचले, तरी शेकडो गेले आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. नंतरचा टप्पा दुसऱ्या जाळ्याचा. पुण्याचे पिण्याचे पाणी खडकवासल्यावरच अवलंबून होते. पूर ओसरलेल्या शहरात धरण नव्हते म्हणून पाणी नव्हते, वीज नव्हती, आणि वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या. खरे तर त्या विहिरी म्हणजेच शहराची सवड होती. पुढच्या दशकांत इमारती उभ्या राहताना त्यांतल्या बऱ्याच बुजवल्या गेल्या.

माहितीचे जाळे तुटले की बिघाड पसरतो आहे हेच कळत नाही, ही त्याहून वेगळी अवस्था. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगरकडा कोसळला आणि माळीण गाव गाडले गेले; १५१ माणसे गेली. गावाबाहेर ही खबर गेली ती त्या मार्गावर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या थांब्यावर त्याला गाव दिसले नाही, चिखल दिसला. कळवणारेच गाडले गेले असताना फोनचे जाळे असून नसल्यासारखे. त्यानंतरही पाऊस आणि अरुंद रस्त्यांमुळे यंत्रे पोहोचवणे कठीण गेले. अशा जागी ठरलेल्या वेळी येणारी एसटी ही नुसती वाहतूक नसते, ती हजेरी असते. तोट्यातली फेरी बंद करताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

काही साखळ्या मिनिटांत धावतात, काही पिढीभर सरकतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावला बारमाही पाणी दिले, पाण्याने ऊस आणला, उसाच्या दाट फडांत बिबट्याने घर केले. शेतीला वीज रात्रपाळीत मिळू लागली तेव्हा शेतकरी रात्री दारे धरायला फडात जाऊ लागला. पाटबंधारे, कृषी, वन आणि वीज अशा चार खात्यांचे निर्णय एका बांधावर येऊन भेटले. म्हणून इथल्या गावांनी दिवसा थ्री फेज विजेची मागणी लावून धरली. बिबट्याच्या प्रश्नावरचा एक उपाय वीज कंपनीच्या वेळापत्रकात आहे, हे परस्परावलंबन कागदावर कुणी आखलेले नव्हते.

कोसळलेले जाळे पुन्हा उभे करताना हीच गुंतवण पुन्हा आडवी येते. औष्णिक केंद्र सुरू करायलाच वीज लागते: पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या आधी फिराव्या लागतात. जलविद्युत केंद्राला तेवढी गरज नसते. दार उघडले, पाणी आले, चक्र फिरले. म्हणून काळोखातून सुरुवात बहुधा पाण्यावरच्या केंद्रांपासून होते. २०२० मध्ये मुंबईलाही ट्रॉम्बेबरोबर टाटांच्या जलविद्युत संचांचा आधार घ्यावा लागला; खोपोलीचे केंद्र १९१५ चे, भिवपुरी आणि भिरा त्यानंतरच्या बारा वर्षांतले. शंभर वर्षांची ही केंद्रे मुंबईला अंधारातून काढतात याचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र वीज परत देतानाही ती थोडी थोडी, फीडर फीडरने द्यावी लागते. एकदम दिली तर सगळीकडचे ऑटोस्विच एकदम जागे होतात.

उपाय काय, याचे उत्तर गणितात आणि गावात एकच येते: प्रत्येक महत्त्वाच्या गाठीला थोडी स्वतःची सवड द्यावी. मुंबईसाठी खारघर–विक्रोळी ही नवी ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, म्हणजे शहरात वीज आणणारी एक वाट वाढली. त्यासाठी मोठा पैसा आणि बरीच वर्षे लागली. तालुक्याच्या पातळीवरची सवड इतकी महाग नाही. संकलन केंद्राच्या छतावर सौर पॅनेल, ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेची टाकी रोज रात्री भरलेली, टॉवरच्या बॅटरीची उन्हाळ्याआधी तपासणी, आकडे काढून डीपीवरचा भार खरा किती ते मोजणे, मोटारींना वेगवेगळ्या वेळेचे टायमर. मोफत यातले काहीच नाही. सवड म्हणजे रोज न लागणारा खर्च, आणि तो टाळणाऱ्याचा ताळेबंद बहुतेक वर्षी चांगलाच दिसतो.

तालुक्यांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे बहुतांशी अधिकाऱ्यांच्या फोन नंबरांनी भरलेले असतात, आणि फोन तर पहिल्या दिवशीच बंद पडू शकतो. त्या यादीशेजारी आणखी दोन रकाने हवेत: ही जागा कोणावाचून अडते, आणि त्याच्यावाचून किती तास चालते. उपजिल्हा रुग्णालयाचा जनरेटर किती तास, पाण्याची टाकी किती दिवस, टॉवर किती तास, दुधाची टाकी किती तास, पंपावर डिझेल किती. मंचरला हे विचारायला एक तलाठी, एक वायरमन आणि एक दूध संकलक पुरेसे आहेत. येत्या उन्हाळ्यात मोटारी सुरू होण्याआधी ग्रामसभांनी हा कागद मागावा.